रेषा कॅमेऱ्याला कळते, धडकेचा जोर कळतो का?

11 जून 2024, दोहा. विश्वचषक पात्रता फेरीत छांगटेच्या गोलमुळे भारत कतारविरुद्ध 1-0 ने पुढे होता. 73व्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीतने चेंडू अडवला, पण तो घरंगळत गोलपोस्टशेजारून रेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि युसूफ आयमनने जाळ्यात ढकलला. झेंडा वर गेला नाही, गोल मान्य झाला. भारत 2-1 ने हरला आणि तिसऱ्या फेरीची वाट बंद झाली. पात्रतेच्या त्या टप्प्यावर व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या रेफरीला मदत करणाऱ्या रेफरीची व्यवस्था, नव्हते. असते तर तो गोल टिकला नसता, कारण चेंडू रेषेबाहेर गेला का हे कॅमेऱ्याला अगदी चोख सांगता येते. फुटबॉलमधले सगळे वाद इतके सरळ नसतात, ही अडचण आहे.

आधी आकडे पाहू. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 13 देशांतल्या 2,195 सामन्यांमधल्या 9,732 तपासण्या अभ्यासल्या. मैदानावरच्या रेफरीचा मूळ निर्णय 92.1 टक्के वेळा बरोबर होता. व्हिडिओ तपासणीनंतर हे प्रमाण 98.3 टक्के झाले. वाढ सहा टक्क्यांची दिसते, पण उलट बाजूने मोजा: सुमारे 770 चुकांच्या जागी सुमारे 165 उरल्या. म्हणजे पाचपैकी जवळजवळ चार चुका सुधारल्या गेल्या. सामन्यांच्या हिशेबात, साधारण साडेतीन सामन्यांमागे एक मोठी चूक टळली. वेळही फार गेला नाही. निम्म्या तपासण्या 22 सेकंदांच्या आत संपल्या. रेफरी स्वतः मैदानाकडेच्या मॉनिटरपाशी गेला तेव्हा मात्र मध्यक (अगदी मधला) वेळ 62 सेकंद होता.

हे यश खरे आहे, आणि व्हीएआर नकोच म्हणणाऱ्यांनी त्याकडे डोळेझाक करू नये. मात्र ‘बरोबर’ कोणी ठरवले, हेही विचारायला हवे. चेंडू रेषेबाहेर गेला होता का, याचे उत्तर एकच असते. टॅकल (चेंडू हिसकावण्यासाठी मारलेली झेप) लाल कार्डाच्या लायकीचा होता का, हे शेवटी जाणकारांचे मंडळच ठरवते, आणि त्या मंडळातही मतभेद होतात. एकाच टक्केवारीत हे दोन्ही प्रकार मिसळले की व्हीएआर कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळते, ते झाकले जाते.

मार्च 2018 मध्ये व्हीएआर खेळाच्या नियमांत आले तेव्हा चारच बाबी त्याच्याकडे सोपवल्या होत्या: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दाखवलेले कार्ड. त्यातही चूक स्पष्ट आणि उघड असेल तरच व्हिडिओ रेफरीने बोलायचे. ऑफसाइडला, म्हणजे पास सुटताना आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का या प्रश्नाला, ही अट लागू पडत नाही. तिथे मोजमाप असते.

पण मोजमापालाही मर्यादा आहे. नेहमीचे प्रक्षेपण कॅमेरे सेकंदाला 50 चित्रे टिपतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये 20 मिलिसेकंदांची फट. आघाडीचा खेळाडू सेकंदाला 8 मीटर वेगाने पुढे धावतोय आणि बचावपटू 4 मीटर वेगाने उलट दिशेने येतोय, असे धरा. त्या फटीत दोघांमधले अंतर 24 सेंटीमीटरने बदलते, जवळजवळ एका बुटाएवढे. पास देणाऱ्याच्या पायाचा चेंडूला पहिला स्पर्श दोन चित्रांच्या मधे झाला असेल, तर ऑपरेटर कोणतेही चित्र निवडो, थोडी चूक राहणारच. त्यात खांदा नेमका कुठे संपतो आणि तिथून जमिनीवर लंब कुठे पडतो, हे माणसाने ठरवायचे असेल तर आणखी काही सेंटीमीटर डळमळतात. अशा साधनाने बगलेइतक्या फरकावर गोल रद्द करणे म्हणजे पट्टीवर नसलेली रेघ वाचणे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2021-22 च्या हंगामापासून रेषा जाड केल्या आणि काठावरच्या प्रसंगात आक्रमकाला फायदा दिला. तो निर्णय शास्त्राला धरूनच होता.

कतारमधल्या 2022 च्या विश्वचषकात ही चूक खूप कमी झाली. छताखालचे 12 कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या पोटातला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता. त्यामुळे लाथेचा क्षण 20 ऐवजी 2 मिलिसेकंदांच्या अचूकतेने कळू लागला. वरच्याच उदाहरणात 24 सेंटीमीटरचे अडीच सेंटीमीटरच्या आत आले. खेळाडूंची जागा मात्र सेकंदाला 50 वेळाच टिपली जाते, म्हणून चूक पुरती शून्य होत नाही.

धडकेचे प्रकरण वेगळे आहे. तिथे वेगवान कॅमेरा मदत करतो तसा फसवतोही. लूव्हेनच्याच गटाने पाच देशांतल्या 88 वरिष्ठ रेफरींना फाउलच्या चित्रफिती दाखवल्या, काही खऱ्या वेगात आणि काही संथ गतीत. फाउल होता की नाही, हे ओळखण्यात फारसा फरक पडला नाही: खऱ्या वेगात 63 टक्के बरोबर, संथ गतीत 61. पण संथ गतीत कार्ड अधिक कडक निघाले. कारण समजण्यासारखे आहे. पाव सेकंदाची झेप पडद्यावर दोन-तीन सेकंद चालली, की खेळाडूला विचार करायला, पाय मागे घ्यायला भरपूर वेळ होता असे वाटते. अपघात हेतुपुरस्सर दिसू लागतो. व्हीएआरची नियमावलीही हेच सांगते: स्पर्श कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का, अशा गोष्टींसाठी संथ गती, टॅकलचा जोर ठरवायचा तर खरा वेग.

नियम लिहिलेला असणे आणि पाळला जाणे यांतले अंतर 30 सप्टेंबर 2023 च्या टॉटेनहॅम-लिव्हरपूल सामन्यात दिसले. 26व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सला रेफरीने पिवळे कार्ड दिले होते. मग रेफरीला मॉनिटरवर बोलावले गेले आणि पडद्यावर सर्वांत आधी आले ते गोठवलेले चित्र: बूट प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर. गोठवलेल्या चित्रात वेग नसतो, बूट चेंडूवरून घसरून तिथे गेला हेही त्यात नसते. कार्ड लाल झाले. ते अखेरीस योग्य होते की नाही यावर दुमत आहे, पण दाखवण्याचा क्रम नक्कीच उलटा होता. आधी पूर्ण खेळ खऱ्या वेगात, मग संपर्काचा बिंदू, असाच तो हवा.

आठ मिनिटांनी लुईस डियाझने गोल केला. मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरच्या खोलीत रेषा आखल्या गेल्या, डियाझ ऑनसाइड निघाला. मोजमाप बिनचूक होते. पण मैदानावर गोलच दिला आहे असे व्हिडिओ रेफरीला वाटले, म्हणून त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले. मूळ निर्णय ऑफसाइड होता हे रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आले, तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. एकदा खेळ सुरू झाला की अशा प्रसंगी मागे जाता येत नाही. लिव्हरपूल 2-1 ने हरले. ही चूक टाळायला नवा कॅमेरा लागत नाही. विमानतळाच्या नियंत्रण कक्षासारखी ठरलेली भाषा लागते: मैदानावरचा निर्णय काय, आमचा निष्कर्ष काय, अंतिम निर्णय काय. तिन्ही मोठ्याने बोलायचे, समोरच्याने तसेच परत म्हणायचे आणि मगच शिट्टी.

भारतातल्या स्पर्धांसाठी यातून निवड करायची तर 12 कॅमेरे आणि सेन्सरचा चेंडू ही पहिली गरज नाही. कोलंबियातल्या 2024 च्या 20 वर्षांखालील महिला विश्वचषकात फिफाने स्वस्त पद्धत आजमावली. तिच्यात वेगळा व्हिडिओ रेफरीच नसतो. प्रत्येक प्रशिक्षकाला दोनदा दाद मागता येते, दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते, आणि रेफरी स्वतः मॉनिटर पाहून ठरवतो. क्रिकेटचा डीआरएस पाहिलेल्यांना हे लगेच उमजेल. काठावरचा ऑफसाइड अशा व्यवस्थेत नीट मोजता येणार नाही, पण रेषेबाहेरून ओढलेला चेंडू तिला सहज दिसेल. त्यासाठी गोलरेषेच्या सरळीत, दोन्ही टोकांना एकेक स्थिर कॅमेरा मात्र हवाच. कोनातून घेतलेल्या चित्रात चेंडूची कड रेषेवर आहे की पलीकडे, हे कितीही मोठे करून पाहिले तरी कळत नाही.