देवाचा दरबार : टिळकांच्या ख्रिस्तभक्तीची साताऱ्यातील पार्श्वभूमी

हिंदू धर्मातून ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी बोलताना बहुतेकांची नजर १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यावर खिळते आणि साताऱ्यातील अखेरचा काळ दुर्लक्षित राहतो. माझ्या मते येशूला ओळखण्याचा त्यांचा प्रवास साताऱ्यापर्यंत पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

या प्रवासाची सुरुवात १८९३ मध्ये झाली. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील नवा करार दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. मात्र त्या वेळी येशू त्यांच्यासाठी मुख्यतः एक थोर उपदेशक होता. बाप्तिस्म्यानंतर तो तारणारा झाला, तरी मिशनमधून शिकवला जाणारा ख्रिस्त पाश्चात्त्य पेहरावातच समोर येई, आणि ज्याच्या कानात लहानपणापासून अभंग आणि कीर्तन घुमत होते त्या कवीला तेवढ्याने समाधान मिळणे शक्य नव्हते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत येशू हळूहळू गुरुमाउली झाला: ज्याचे नुसते मत स्वीकारायचे नसते, तर ज्याच्या सहवासात रोज राहायचे असते. ही ओळख ग्रंथवाचनातून सुरू झाली खरी, पण ती पक्की झाली ती प्रार्थनेतून, असे त्यांची पदे वाचताना सतत जाणवते.

ही जाणीव जगण्यात उतरावी म्हणून १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी आणि तिच्यासोबतचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय सुरू केला. समर्थ रामदासांच्या सज्जनगडाच्या सान्निध्यातील या गावाला गुरुभक्ती नवी नव्हती. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते, आणि ही गोष्ट त्या काळात फार धाडसाची होती. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद होण्याआधी माणूस प्रभूचा शिष्य होऊ शकतो, हे त्यांनी त्यातून प्रत्यक्ष मांडले. बाप्तिस्म्याचे मोल त्यामुळे उणे झाले असे मला वाटत नाही. ख्रिस्ताशी असलेले नाते कोणत्याही संस्थेच्या आधी येते, एवढेच त्यातून ठसते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे लाभली होती. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून त्यांची पदे आजही गायिली जातात.