लेव्हल 2 ला नाकाची परीक्षा नसते

‘डोळे बांधून वाइन ओळखायला लावतात, नाक तीक्ष्ण नसेल तर फी बुडाली समजा.’ डब्ल्यूएसईटी, म्हणजे वाइनचं शिक्षण देणारी संस्था, तिच्या लेव्हल 2 च्या वाइन कोर्सबद्दलचा हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि त्यापायी चांगली मुलं माघार घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लेव्हल 2 च्या परीक्षेत ग्लास समोर येतच नाही. 60 मिनिटांत 50 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 55 टक्के. न सांगता दिलेली वाइन चाखून लिहिणं लेव्हल 3 पासून सुरू होतं. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा.

खरा घाम लेबलं काढतात. बाटलीवर नुसतं ‘शाब्ली’ असं गावाचं नाव असतं, द्राक्षाचं नसतं. ते द्राक्ष शार्दने हे तुम्हाला ठाऊक हवं. सान्सेरची पांढरी म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, बारोलो म्हणजे नेब्बिओलो. हे पाठच लागतं. मी तर वहीत नकाशे काढायला सांगेन.

वर्गातलं चाखणं मात्र बुडवू नका. घोटानंतर तोंडाला पाणी सुटतं ती आम्लता, हिरड्या कोरड्या पडतात ते टॅनिन. एकदा जिभेला कळलं की पुस्तकातलं वाक्य विसरत नाही.