काहिलीतला फेस आणि क्लाउडचा वायदा

गुऱ्हाळघरात गुळव्याची नजर काहिलीवर असते, चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याची आगीवर. फेस चढू लागला की गुळव्या ओरडतो, "जाळ कमी कर!" फेस काठाला यायच्या बराच आधी. आत गेलेलं जळण परत काढता येत नाही, ते जळेपर्यंत रस चढतच राहणार, हे त्याला ठाऊक असतं.

क्लाउडवाल्यांची, म्हणजे इंटरनेटवरून संगणक (सर्व्हर) भाड्यानं देणाऱ्यांची, अडचण नेमकी हीच. ग्राहकाशी त्यांचा लेखी वायदा असतो, त्याला एसएलए म्हणतात. '99.9 टक्के वेळ सेवा चालू' हा आकडा ऐकायला गोड, पण हिशोब केला तर 30 दिवसांच्या महिन्यात फक्त 43 मिनिटं 12 सेकंद बंद राहायची मुभा. काही करार याहून कडक: शंभरातल्या 95 विनंत्यांना 200 मिलिसेकंदांच्या आत उत्तर.

आता दहावीच्या निकालाची दुपार घ्या. एक वाजला की अख्खं कोल्हापूर एकाच पानावर. रांगेचं साधं गणित सांगतं, की सर्व्हर निम्मा गुंतलेला असताना उत्तराला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. 90 टक्क्यांवर दहापट, 95 वर वीसपट. म्हणजे 90 ते 95 या पाच टक्क्यांत वेळ पुन्हा दुप्पट! उकळत्या रसासारखंच, बराच वेळ शांत, मग एकदम वर.

उपाय म्हणजे मोजा, लक्ष्याशी ताडा, फरकानुसार सर्व्हर वाढवा. नियंत्रणशास्त्रात याला फीडबॅक म्हणतात. कुबरनेटीस नावाची प्रणाली मूळ सेटिंगमध्ये दर 15 सेकंदांनी हेच करते. वेगवेगळ्या सर्व्हरवर सेवेच्या चार प्रती चालू आहेत, लक्ष्य 50 टक्के भाराचं आणि मोजमाप 75 आलं, तर चार गुणिले 75 भागिले 50, म्हणजे सहा प्रती हव्यात. त्रैराशिकच की!

पण नवी प्रत उभी राहायला वेळ लागतो. तोवर भार चढलेलाच दिसतो, म्हणून उतावीळ नियंत्रक आणखी प्रती मागतो. मग सगळ्या एकदम हजर होतात, भार कोसळतो, तो घाईनं प्रती काढून टाकतो, आणि पुन्हा भडका. वाफेच्या इंजिनांचा वेग आवरणारे गव्हर्नरही असेच हेलकावे खायचे. त्यामागचं गणित मॅक्सवेलनं 1868 मध्ये मांडलं. (हो, विद्युतचुंबकत्वाची समीकरणं देणारा तोच.)

हेलकावे टाळायला कुबरनेटीस थोडा आळशीपणा करते. लक्ष्यापासून 10 टक्क्यांच्या आतला फरक सोडून देते, आणि प्रती कमी करण्याआधी मागच्या पाच मिनिटांतली सर्वांत मोठी गरज बघते. वाढवताना घाई, उतरवताना दमानं. मला हा शहाणपणा वाटतो. रिकाम्या सर्व्हरचं भाडं जातं, पण वायदा राहतो.

तरी गुळव्या एक पाऊल पुढंच. रस किती चढलाय यासोबत तो किती वेगानं चढतोय हेही तो बघतो. नियंत्रणशास्त्रातल्या पीआयडी नावाच्या नियंत्रकातलं 'डी', म्हणजे बदलाचा वेग बघणारा भाग, ते हेच. मात्र क्लाउडमध्ये ते जपून वापरावं लागतं. तिथली मोजमापं फार थरथरती, आणि प्रत्येक थरथरीला वेग समजलं तर नियंत्रक भेदरतो.

इतकं करूनही कधी फेस काठाला येतोच. तेव्हा गुळव्या जाळ उतरायची वाट बघत बसत नाही, चमचाभर तेल फेसावर टाकतो, फेस बसतो. क्लाउडवर तेच काम 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' हे पान करतं. काहींना दारातच थांबवायचं, म्हणजे आत आलेल्यांना निकाल तरी दिसतो.