सर्व्हेत नेता पुढे गेला म्हणून पक्षही पुढे गेला असं नसतं

निवडणूक जवळ आली की 'विरोधी नेत्याने मुख्यमंत्र्यांना मागे टाकलं' अशी पट्टी चॅनेलवर फिरते. दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तिचा निकालही लागून जातो: "सरकार गेलं ना बे!" समोरचा मोबाइल पुढे करतो, "काऊन? इथं तर सत्तावालेच पुढे दाखवून राहिले." दोघंही थापा मारत नसतात. दोघांच्या हातात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात, आणि कित्येकदा ती एकाच सर्व्हेतली असतात.

एक प्रश्न असा: मुख्यमंत्री म्हणून तुम्हाला कोण हवं? दुसरा: उद्या मतदान झालं तर मत कुणाला द्याल? पहिल्यातून नेत्याची पसंती कळते, दुसऱ्यातून मतांचा कल. बातमी देणारा घाईत असला की 'पुढे' एवढंच उरतं. कशात पुढे, ते गळून जातं.

विचारायची पद्धतही निराळी असते. दिल्लीच्या लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत मताचा प्रश्न आला की नमुना मतपत्रिका हातात देतात. माणूस खूण करतो, कागदाची घडी घालतो आणि पेटीत टाकतो. बाजूला बसलेल्या सासऱ्यालाही कळत नाही. नेत्याचा प्रश्न मात्र तोंडी, तोही नावं वाचून न दाखवता. ओठावर पहिलं येईल ते नाव लिहून घ्यायचं. इथे खुर्चीवर बसलेल्याचा फायदा असतो, कारण होर्डिंगवर, टीव्हीवर, योजनेच्या जाहिरातीत रोज त्याचाच चेहरा दिसतो. विरोधकांकडे तीन-चार दावेदार असले तर त्यांची पसंती त्या तीन-चार नावांत वाटली जाते. आघाडी मतांत पुढे असूनही तिचा एकही नेता यादीत पहिला नसतो, तो असा.

म्हणून विरोधी नेत्याने पसंतीत सत्ताधाऱ्याला ओलांडणं ही बातमी आहेच, तिला हलक्यात घेऊ नये. पण ती दोन कारणांनी होऊ शकते. विरोधकांचं एका चेहऱ्यावर एकमत झालं, हे एक. सत्तेच्या बाजूलाच नावं वाटली गेली, हे दुसरं. आणि चर्चेत हे दुसरं कारण कुणी काढतच नाही.

आपल्याकडचं 2024 घ्या. विधानसभेच्या वेळी मुख्यमंत्री होते एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार. म्हणजे महायुतीच्या मतदाराकडे सांगायला तीन नावं होती. निकालात भाजप 132, शिंदेंची शिवसेना 57, अजित पवारांची राष्ट्रवादी 41, आणि 5 डिसेंबरला शपथ घेतली ती नागपूर दक्षिण-पश्चिमच्या आमदाराने. 'शिंदेच राहावेत' म्हणत ज्यांनी महायुतीचं बटण दाबलं, त्यांचं मत चोख मोजलं गेलं. पसंती मोजायची सोयच यंत्रात नव्हती. नागपुरात तर हे अजून उघड दिसतं. त्रिमूर्तीनगरच्या मतदाराला फडणवीसांच्या नावापुढचं बटण होतं. उत्तर नागपुरात, इंदोरा-जरीपटक्याकडे, एखाद्याला मुख्यमंत्री म्हणून तेच हवे असले तरी त्याच्यासमोर दुसरीच नावं होती. तिथून काँग्रेसचे नितीन राऊत निवडून आले.

जुनी उदाहरणं आणखी बोलकी आहेत. 2004 मध्ये पंतप्रधान म्हणून पसंतीत वाजपेयी सोनिया गांधींच्या बरेच पुढे होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेस 145, भाजप 138, आणि पंतप्रधान झाले मनमोहन सिंग, ज्यांच्या नावावर कुणी मतं मागितलीच नव्हती. ब्रिटनमध्ये 1979 साली पंतप्रधान जेम्स कॅलहॅन हे विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांच्यापेक्षा व्यक्ती म्हणून जास्त पसंत होते. पण मतांत पुढे होता थॅचरबाईंचा पक्ष. 339 जागा घेऊन त्या पंतप्रधान झाल्या.

मग मतांच्या कलावर डोळे झाकून विसंबायचं का? तसंही नाही. कॅनडात जानेवारी 2025 मध्ये विरोधी नेते पिएर पोइलिव्ह्र यांचा काँझर्व्हेटिव्ह पक्ष 20 टक्क्यांहून जास्त फरकाने पुढे होता. पंतप्रधान ट्रुडोंनी राजीनामा जाहीर केला, त्यांच्या जागी मार्क कार्नी आले, पलीकडून ट्रम्पसाहेबांच्या टॅरिफच्या धमक्या चालूच होत्या, आणि 28 एप्रिलला त्यांचा लिबरल पक्षच जिंकला. पोइलिव्ह्र स्वतःची जागाही हरले. यातली मेख अशी की त्यांच्या पक्षाची मतं काही कोसळली नव्हती. 41 टक्क्यांच्या वर मतं त्यांना पडली. तिसऱ्या पक्षाची, एनडीपीची, मतं मात्र लिबरलांकडे धावली आणि एनडीपी 7 जागांवर आली. जानेवारीतला सर्व्हे चुकलेला नव्हता. लोकांनी ट्रुडोंच्या पक्षाविषयी उत्तर दिलं होतं, आणि मतदानाच्या दिवशी त्या पक्षाचा चेहरा बदललेला होता.

मतांतून जागा निघताना आणखी एक वळण येतं, पण ते आपल्याला ठाऊक आहे. 2024 च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुतीच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र 30 आणि 17. आणि हजारभर लोकांच्या सर्व्हेत प्रत्येक आकडा तीनेक टक्के वर-खाली होऊ शकतो. तेव्हा दोन टक्क्यांच्या फरकाला 'मागे टाकलं' म्हणणं हा हेडलाइनवाल्याचा उत्साह.

दोन्ही प्रश्न खरोखर वेगळे आहेत याचा पुरावा बघायला फार लांब जायला नको, कामठी किंवा उमरेडपर्यंत पुरे. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जातो, म्हणजे मतदार नगराध्यक्षाला वेगळं मत देतो आणि प्रभागातल्या नगरसेवकांना वेगळं. राज्यात कितीतरी ठिकाणी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं घडलं आहे. तिथे 'नेता पुढे' याला थेट किंमत आहे. नागपूर महापालिकेत मात्र महापौराची निवड नगरसेवक करतात आणि त्या पदाचं आरक्षण सोडतीने ठरतं, त्यामुळे सोडतीच्या आधी कुणी 'महापौर म्हणून कोण हवं' असा सर्व्हे घेऊन आलाच, तर पोहे खाता खाता उत्तर द्यायला हरकत नाही.