रात्रभर रस्त्यावर राहणाऱ्या मोटरसायकलसाठी: आमच्या ग्राहकांना माहितीपत्रक

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि कितीतरी जुन्या सोसायट्यांत पार्किंग नावाची गोष्टच नाही. आमच्या बहुतेक ग्राहकांच्या गाड्या रात्रभर गल्लीत, नाहीतर एखाद्या बंद शटरसमोर उभ्या असतात. हे पत्रक त्या गाड्यांसाठी आहे. आम्ही कुलपं विकतो आणि बसवून देतो, त्यामुळे आमचा स्वार्थ आहेच. पण चुकीचं कुलूप घेऊन गेलेला ग्राहक परत येतो तो भांडायलाच, म्हणून काय घेऊ नये तेही इथे लिहिलं आहे.

हँडल लॉकवर किती विसंबायचं

फारसं नाही. ते लावल्यावर आतून एक छोटी लोखंडी खुंटी पुढे येते आणि हँडल अडवते, एवढंच. जोराच्या झटक्यापुढे ती खुंटी टिकत नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या लॉकमध्ये तर दुसऱ्याच गाडीची किल्लीही फिरते. स्वतः तपासून बघा: गाडी चालू असताना किल्ली ओढली आणि ती बाहेर आली, तर लॉक झिजलंय. पूर्ण लॉकसेट बदलून घ्या, नुसती नवी किल्ली पाडून उपयोग नाही. तरीही हँडल लॉक रोज लावाच. चोराचं एक काम तरी वाढतं.

गाडी तीन प्रकारे जाते

कुणी चालू करून नेतं, कुणी ढकलत नेतं (एक जण चोरीच्या गाडीवर बसतो, दुसरा मागून आपल्या गाडीवरून पाय लावतो), आणि कुणी उचलून टेम्पोत टाकतं. नेहमीची शंभर सीसीची गाडी ११० किलोच्या आसपास भरते, दोन धट्टेकट्टे माणसं ती सहज उचलतात. एकच कुलूप या तिन्हींना पुरत नाही. म्हणून आमचा सल्ला कायम दोन वेगळ्या जातीच्या कुलपांचा असतो. एकाच प्रकारची दोन घेतलीत, तर चोराला हत्यारही एकच लागतं.

डिस्क लॉक चाक फिरू देत नाही, पण उचलून नेणाऱ्याला ते अडवत नाही. तुमच्या गाडीला ड्रम ब्रेक असेल तर ते बसतच नाही. घेण्याआधी चाकाकडे एकदा बघा. ते लावलंय हे विसरून सकाळी घाईत गिअर टाकणारे बरेच आहेत. गाडी जागच्या जागी आडवी होते, शिवाय डिस्क आणि कॅलिपरचा खर्च. लॉकपासून हँडलपर्यंत जाणारी भडक रंगाची वायर आम्ही सोबतच देतो. ती खोक्यात ठेवून देऊ नका.

खरा भरवसा जाड, कडक पोलादाच्या साखळीचा. प्लॅस्टिकच्या आवरणातली बारीक केबल हेल्मेट अडकवायला ठीक, गाडीसाठी नाही. साध्या कटरने ती तुटते. साखळी मागच्या चाकातून आणि चासीतून घ्या. पुढचं चाक खोलून बाकीची गाडी नेता येते. साखळी ताठ राहू द्या, जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर पडलेल्या कडीवर घण घालता येतो, कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून अंगाचा सगळा भार देता येतो. हवेत लटकणाऱ्या कडीवर तो जोर लागत नाही. बॅटरीच्या ग्राइंडरपुढे मात्र कुठलीच साखळी कायमची टिकत नाही, आमचीही नाही. ती वेळ खाते आणि आवाज करायला लावते, भर वस्तीत तेवढ्याचे पैसे.

बांधायची कशाला?

इथेच सगळ्यांचं अडतं. महावितरणच्या खांबाला किंवा डीपीच्या पेटीला गाडी कधीही बांधू नका. पावसाळ्यात खांबात करंट उतरला तर साखळीतून तो गाडीत येतो, आणि सकाळी पहिला हात तुमचाच लागतो. झाडालाही नको, साल सोलून निघते. 'नो पार्किंग'च्या पाटीचा खांब मजबूत दिसतो, पण साखळी वरून काढून घेता येते का ते आधी पाहा (आणि पाटीवर काय लिहिलंय तेही). सर्वांत चांगलं म्हणजे सोसायटीच्या परवानगीने फरशीत किंवा भिंतीत पक्की कडी बसवणं. पेव्हर ब्लॉकमध्ये ती धरत नाही, खाली काँक्रीट हवं.

पी-१ पी-२ च्या रस्त्यावर गाडी एक दिवसाआड बाजू बदलते, तिथे कायमची कडी जमत नाही. अशा वेळी शेजाऱ्याची गाडी आणि तुमची एकाच साखळीत बांधा. सव्वादोनशे किलोचा जोडगोळा दोघांना उचलवत नाही. फक्त पहाटे दूध आणायला आधी कोण निघतो ते ठरवून ठेवा.

चोर स्विच, अलार्म, जीपीएस

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला लपवलेला चोर स्विच (तो बंद असला की गाडी चालू होत नाही) आणि पेट्रोल लॉक (टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकचं कुलूप) ही स्वस्त आणि चांगली जोडी आहे. चोर स्विच चोराला सापडला आणि कॉक बंद असला, तरी कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडी पुढे जाते आणि बंद पडते. तिथे बहुतेक जण ती सोडून पळतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनच्या आहेत. त्यांना हे पेट्रोल लॉक लावून देण्याचा आग्रह धरू नका. चोर स्विच बसतो, पण वायरिंग कापावं लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

अलार्म आम्ही ठेवतो, पण गल्लीत राहणाऱ्यांना सहसा देत नाही. सीटवर मांजर बसलं तरी तो वाजतो. आठवड्याभरात शेजारी लक्ष देणं सोडतात, आणि मग चोर आला तरी कुणी खिडकी उघडत नाही. जीपीएस त्यापेक्षा बरा, पण सिमचं रिचार्ज संपलं की तो नुसता डबा. लोकेशन दिसलं तर स्वतः तिथे जाऊ नका, पोलिसांना द्या.

पावसाळ्यात कुलपाचं भोक खाली राहील असं लावा. आत मशीन ऑइलचे दोन थेंब किंवा ग्राफाइटची पूड. खोबरेल तेल नको, ते धूळ धरून घट्ट होतं.

कागद आणि विमा

मूळ आरसी डिकीत ठेवू नका, डिजिलॉकरमधली चालते. चासी आणि इंजिन नंबरचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. दुसरी किल्ली घरात नेमकी कुठे आहे ते आजच शोधा, कारण विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते.

आता विम्याचं, कारण इथे फार लोक फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख बघून लोक निर्धास्त राहतात. पण थर्ड पार्टीत चोरी येत नाही. चोरी येते ती स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपला असेल तर गाडी गेल्यावर एक रुपयाही मिळत नाही. तो चालू असेल, तर पॉलिसीवरच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी ठरवलेल्या गाडीच्या किमतीच्या) हिशेबाने पैसे मिळतात.

जागेवर गाडी नसेल तर

आधी वाहतूक पोलिसांनी उचलली का ते बघा. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर चालू असेल तर चलनाचा मेसेज येतो. तसं नसेल तर ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीला आणि आरटीओला लगेच लेखी कळवा. आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे पोलिसांना कॅमेरे कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी दाखवा. गाडी सापडली नाही तर पोलिसांकडून 'अ समरी'चे (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही अशा अहवालाचे) कागद मिळतात, दाव्याला तेच लागतात.

साखळी घ्यायला येताना गाडी घेऊनच या. मागच्या चाकातून ती जाते की नाही ते लावून बघूनच पैसे द्या. कडी बसवायची असेल तर सोसायटीचं परवानगीचं पत्र आणा. त्याशिवाय आम्ही ड्रिल लावत नाही.