दोन घोड्यांचा बचाव

बुद्धिबळातल्या इटालियन सुरुवातीची एक शाखा. चाली : १. ई४, ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६. (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचे घर, सोंगटीचे नाव नसेल तिथे चाल प्याद्याची; × म्हणजे मारणे, आकड्यापुढचे ... म्हणजे काळ्याची चाल.)

पांढऱ्याचा तिखट जबाब ४. घोडा जी५. एफ७ च्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो आणि आता त्यावर उंट-घोड्याचा दुहेरी मारा येतो. एफ८ चा उंट जागेवरच असल्याने किल्लेकोटही (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) होत नाही. म्हणून ४... डी५ ५. ई×डी५. इथे काळ्याला घोड्याने डी५ मारण्याचा मोह अनावर असतो, आणि डाव तिथेच बिघडतो : ६. घोडा×एफ७, राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह. डी५ चा घोडा वाचवायला राजाला ई६ वर, भर पटात यावे लागते, ८. घोडा सी३ ने तिसरा मारा. राजा जी८ वर पळाला तर ८. उंट×डी५ शह, वजीर×डी५ ९. वजीर×डी५ शह, उंट ई६ १०. वजीर×ई६ मात.

योग्य चाल ५... घोडा ए५. मग ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी×सी६, बी×सी६. प्यादे जाते, पण ८. उंट ई२ नंतर एच६ आणि ई४ करून काळा पांढऱ्याचा घोडा हाकलतो. त्याचा स्वतःचा घोडा मात्र काठावर पडून राहतो.

रौनक साधवानी, दिव्या देशमुख हे ग्रँडमास्टर नागपूरचे. विदर्भातल्या खेड्यांत मात्र बरीच मुले पारावरच्या म्हाताऱ्यांकडून देशी डाव शिकतात. त्यात प्यादे बहुधा एकच घर सरकते, किल्लेकोट नाही. शह न बसलेला राजा एकदा अडीच घरे उडी घेतो. या सवयीची मुले तालुक्याच्या शालेय स्पर्धेत या माऱ्याला हमखास बळी पडतात. त्यात हात लावण्याचा नियम. पाचव्या चालीला डी५ च्या प्याद्याला मारण्यासाठी हात लागला, की ते मारावेच लागते. वजिराने मारले तर सी४ चा उंट वजीर घेतो, म्हणजे उरला तोच घोडा. किल्लेकोट करतानाही आधी राजाच उचलावा. हत्तीला आधी हात लावल्यास हत्तीच चालवावा लागतो.

नवशिक्याने ३... उंट सी५ खेळावे हे बरे. मग ४. घोडा जी५ आल्यास डी८ ते जी५ हा कर्ण मोकळा असतो, आणि बिनजोर घोडा वजिराने सरळ मारता येतो.