बर्किन: खोगीरवाल्यांची बॅग ‘गुंतवणूक’ कशी झाली

१० जुलै २०२५ला पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात एक काळी चामडी बॅग सुमारे ८६ लाख युरोंना गेली. रुपयांत धरले तर ८६ कोटींच्या आसपास. बॅग चांगलीच वापरलेली होती. चामड्यावर ओरखडे, मदतसंस्थांचे स्टिकर कधीकाळी चिकटवले होते त्यांचे गोल डाग, झाकणावर ‘जे. बी.’ ही आद्याक्षरं आणि सोबत लटकणारं नेलकटर. अभिनेत्री-गायिका जेन बर्किन हिची ही स्वतःची बॅग, आणि ‘एर्मेस’ या फ्रेंच कंपनीनं पुढे काढलेल्या सगळ्या बर्किन बॅगांचा मूळ नमुना. बातमी आली आणि ‘सोन्यापेक्षा बॅग बरी’ हा जुना दावा पुन्हा फिरायला लागला. या दाव्याचा इतिहास बॅगेच्या इतिहासापेक्षा बराच तोकडा आहे.

तिअरी एर्मेसनं १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवायचा कारखाना काढला. बग्गी बाळगणारे श्रीमंत हे त्याचं गिऱ्हाईक. विसाव्या शतकाच्या तोंडावर याच घराण्यानं खोगीर आणि बूट न्यायला एक उंच थैला तयार केला. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, पण खोगिराचा टाका तसाच राहिला. कारागीर चामड्याचे दोन थर लाकडी चिमट्यात पकडतो आणि चिमटा गुडघ्यांमध्ये धरतो. मेण चोळलेल्या लिननच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात आणि त्या एकाच भोकातून समोरासमोर जातात. त्यामुळे मधला एखादा टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. एक बॅग सहसा एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो. चाळीस वर्षांनी वापरता येईल अशी वस्तू इथे बनते, यात वाद नाही.

प्रसिद्धी मात्र योगायोगानं आली. १९५६मध्ये मोनॅकोची प्रिन्सेस झालेल्या अभिनेत्री ग्रेस केलीनं गरोदरपण लपवायला एर्मेसची बॅग पोटासमोर धरली, तो फोटो जगभर छापला गेला आणि लोक त्या बॅगेला ‘केली’ म्हणू लागले. कंपनीनं ते नाव अधिकृत केलं १९७७ साली. पुढची गोष्ट विमानातली. पॅरिस-लंडन प्रवासात कंपनीचे प्रमुख जाँ-लुई द्युमा यांच्या शेजारी जेन बर्किन बसली होती. ती तेव्हा वेताची टोपली घेऊन हिंडायची. तरुण आईचं सगळं सामान मावेल अशी चामडी बॅग मिळत नाही, ही तिची तक्रार. द्युमांनी तिथेच रेखाटन केलं आणि १९८४मध्ये बॅग आली. तिनं स्वतःची बॅग १९९४मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावाला देऊनही टाकली. गुंतवणूक वगैरे तिच्या गावीही नव्हतं.

ते सुचलं जुन्या बॅगांच्या व्यापाऱ्यांना. जपान आणि हाँगकाँगमध्ये वापरलेल्या ब्रँडेड बॅगांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. हाँगकाँगची ‘मिलान स्टेशन’ ही जुन्या बॅगांची दुकानसाखळी २०११मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हा किरकोळ गुंतवणूकदारांचा हिस्सा दोन हजार पटींहून जास्त भरला. शेअर पुढे कोसळला, तो भाग कुणी फारसा सांगत नाही. लिलावघरांनीही हँडबॅगांचे स्वतंत्र विभाग काढले. २०१७मध्ये क्रिस्टीजनं हाँगकाँगमध्ये हिरेजडित ‘हिमालय’ बर्किन विकली, ती २९ लाख हाँगकाँग डॉलरच्या वर. ती मगरीच्या कातड्याची. साध्या वासराच्या चामड्याच्या बॅगेला हे आकडे लागू होत नाहीत, पण मथळ्यात एवढं कोण लिहितं!

मग २०१६मधला तो प्रसिद्ध ‘अभ्यास’: पस्तीस वर्षांत बर्किननं वर्षाला सरासरी १४.२ टक्के परतावा दिला, शेअर आणि सोनं दोन्ही मागे टाकलं. अभ्यास कुणाचा? बॅगा विकणाऱ्याच ‘बॅगहंटर’ या कंपनीचा. बॅग जन्मली १९८४मध्ये, म्हणजे तेव्हा तिला पस्तीस वर्षं झालीच नव्हती. शिवाय १४.२ टक्के चक्रवाढीनं पस्तीस वर्षांत एका रुपयाचे शंभरावर होतात. त्याच अभ्यासात किंमत ५०० टक्के वाढली असंही म्हटलं होतं, म्हणजे सहापट. तो दर वर्षाला जेमतेम सव्वापाच टक्के पडतो. हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं, तरी आकडा वर्षानुवर्षं छापला जातोय.

किंमत टिकते त्याचं खरं कारण पुरवठा. बर्किन दुकानात जाऊन सहज मिळत नाही. कुणाला द्यायची ते दुकान ठरवतं. आधी इतर माल घ्यायला लावतात, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतले काही ग्राहक २०२४मध्ये कोर्टात गेले. कोर्टानं २०२५मध्ये दावा फेटाळला. शनेल या फ्रेंच ब्रँडनं दुसरा मार्ग धरला, भाववाढीचा. फेब्रुवारी १९५५मध्ये आलेल्या ‘२.५५’ या बॅगेच्या वंशातली मध्यम आकाराची ‘क्लासिक फ्लॅप’ बॅग अमेरिकेत २०१९मध्ये ५,८०० डॉलरच्या घरात होती, २०२३मध्ये दहा हजारांपुढे गेली. दुकानातला भाव वाढला की कपाटातली बॅग महागल्यासारखी वाटते. विकायला काढली की कळतं, दलालाचं कमिशन वेगळंच. बाकी बहुतेक ब्रँडच्या बॅगा तर दुकानाबाहेर पडतानाच उतरतात.

आपल्याकडे दागिना घेताना घडणावळ किती आणि मोड किती मिळेल, हे आजीसुद्धा विचारते. बॅगेत सगळी घडणावळच. वितळवून काही हाती लागत नाही. कोपरे घासले, बिल हरवलं, मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बुरशी धरली, की भाव गेला. एर्मेसनं २०११मध्ये फोर्टात हॉर्निमन सर्कलला दुकान थाटलं, त्यामुळे खरेदीसाठी पॅरिसच गाठायला हवं असं नाही. सरकारनंही दखल घेतली आहे: २२ एप्रिल २०२५पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगेवर विक्रेत्यानं एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घ्यायचा कर, गोळा करायचा असतो. महागड्या, ऐच्छिक खर्चावर नजर ठेवण्यासाठी हा नियम असल्याचं प्राप्तिकर खात्यानं म्हटलंय. खात्याच्या लेखी तो खर्चच.